दुबईतलं क्रिकेटचं काम: येण्याआधी काय विचारून घ्याल

पुण्यात तुम्ही लाइव्ह सामन्यांच्या प्रक्षेपणाचं काम करता. दुबईच्या एका इव्हेंट कंपनीची ऑफर हातात आहे आणि बायको-मुलीला घेऊन यायचा विचार आहे. 2025 मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीतले भारताचे सगळे सामने इथे झाले, मग सप्टेंबरात आशिया कपही इथेच झाला, म्हणजे इथलं काम आता कायमचं समजायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे याच धंद्यात आहे, ऑपरेशन्सच्या बाजूला: क्रूचे व्हिसा, हॉटेल, सामानाची ने-आण. माझं सरळ उत्तर असं की काम भरपूर आहे, चांगलं आहे, पण 'कायमचं' हा शब्द मनातून काढून टाका.

कारण तुम्ही मोजताय त्या दोन्ही स्पर्धा मुळात इथल्या नव्हत्या. चॅम्पियन्स ट्रॉफीचं यजमानपद पाकिस्तानकडे होतं आणि आशिया कपचं भारताकडे. दोन्ही इथे आल्या त्या भारत-पाकिस्तान संबंधांमुळे. डिसेंबर 2024 मध्ये क्रिकेटची जागतिक संस्था आयसीसीने ठरवलं की 2027 पर्यंत तिच्या स्पर्धांत दोघांपैकी कोणीही यजमान असलं तरी दुसऱ्याचे सामने त्रयस्थ ठिकाणी होतील. त्रयस्थ म्हणजे दुबईच, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. 2025 च्या महिला विश्वचषकात पाकिस्तानचे सामने कोलंबोला झाले, दुबईला त्यातलं काहीच मिळालं नाही.

थोडं मागे जाऊन बघा, म्हणजे या धंद्याची चाल कळेल. मार्च 2009 मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघाच्या बसवर हल्ला झाला आणि पुढची दहा वर्षं पाकिस्तानचं 'घरचं' क्रिकेट बहुतांश अबू धाबी, दुबई आणि शारजात खेळलं गेलं. पाकिस्तानची टी-20 लीग पीएसएल, तिचा 2016 चा पहिला हंगाम पूर्ण इथेच झाला. 2014 च्या लोकसभा निवडणुकीमुळे आयपीएलचे पहिले वीस सामने इथे आले. 2018 चा आशिया कप भारतातून इथे आला, 2022 चा श्रीलंकेतल्या आर्थिक संकटामुळे आला. 2024 चा महिला टी-20 विश्वचषक बांगलादेशात व्हायचा होता. तिथे सरकार कोसळलं, 20 ऑगस्टला स्पर्धा इथे हलवल्याचं जाहीर झालं आणि 3 ऑक्टोबरला पहिला चेंडू पडला. सहा आठवड्यांत अख्खा विश्वचषक उभा करायचा! दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो लाभ इथल्या आमच्या पगारात दिसतो, आणि ते लिहिताना मला बरं वाटत नाही. ढाक्याच्या किंवा लाहोरच्या माणसाच्या हातचं काम आमच्याकडे आलेलं असतं.

उलटी बाजूही आहे. डिसेंबर 2019 मध्ये श्रीलंकेचा संघ कसोटीसाठी रावळपिंडीला गेला, 2020 मध्ये पीएसएल मायदेशी परतली आणि इथल्या कॅलेंडरमधला केवढा तरी मोठा तुकडा गेला. क्रिकेटच्या दृष्टीने ती आनंदाचीच गोष्ट होती. पण त्या मालिकांच्या भरवशावर ज्यांनी घरं भाड्याने घेतली होती, त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते सांगते, कारण ऑफर लेटरमध्ये हे येत नाही. चॅम्पियन्स ट्रॉफीच्या साखळीतला शेवटचा सामना, भारत-न्यूझीलंड, 2 मार्चला दुबईत होता. भारत उपांत्य फेरीत कोणाशी खेळणार ते त्या निकालावर ठरणार होतं, आणि भारत खेळणार तो सामना दुबईतच होणार होता. म्हणून ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका दोन्ही संघ आधीच पाकिस्तानातून दुबईला आणून ठेवले. भारत जिंकला, ऑस्ट्रेलिया इथे राहिली आणि दक्षिण आफ्रिकेला पुन्हा विमानात बसून लाहोर गाठावं लागलं. अंतिम सामना 9 मार्चचा. भारत उपांत्य सामना हरला असता तर तो लाहोरला झाला असता, त्यामुळे 4 मार्चच्या रात्रीपर्यंत मैदान ठरलेलं नव्हतं.

खेळाडूंची धावपळ लोकांना दिसली. अशा स्पर्धेत त्यांच्या मागे केवढा संसार हलतो बघा. दोन शहरांत हॉटेलच्या खोल्या धरून ठेवायच्या. त्यातल्या एका शहरातल्या रद्द होणार हे माहीत असतं, कुठल्या ते माहीत नसतं. कॅमेरे आणि केबलच्या पेट्यांसाठी कार्नेट लागतो, म्हणजे सामान तात्पुरतं नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद. त्यावर प्रत्येक लेन्सचा सीरियल नंबर असतो आणि यादीतला एक आकडा चुकला तरी पेटी विमानतळावर अडकते. शिवाय क्रूचे पासपोर्ट. भारतीय पासपोर्टवर लाहोरला जाणं सोपं नाही आणि पाकिस्तानी पासपोर्टवर भारतात येणंही नाही. म्हणून ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्याला तेच काम आधी मिळतं. तुमचं कौशल्य तेवढंच, पण तुम्ही कुठे जाऊ शकता यावर तुमची किंमत ठरते. मला हे अन्यायाचं वाटतं, आजही वाटतं.

मे 2025 तर विसरता येत नाही. त्याआधी एप्रिलमध्येच, पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, फॅनकोड या स्ट्रीमिंग अ‍ॅपने भारतातलं पीएसएलचं प्रक्षेपण थांबवलं होतं. 8 मे रोजी धरमशालेचा आयपीएल सामना अर्ध्यात सोडावा लागला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा आठवडाभरासाठी स्थगित झाली. त्याच सुमारास पाकिस्तानने जाहीर केलं की पीएसएलचे उरलेले सामने यूएईत होतील. इथे फोन सुरू झाले: कोण मोकळं आहे, कोणाकडे किती कॅमेरे आहेत, हॉटेल कुठली. आणि लगेचच बातमी आली की स्पर्धा पुढे ढकलली. ज्यांनी तोंडी शब्दावर दुसरं काम नाकारलं असेल, त्यांच्या हाती काय राहणार? पुढच्या महिन्यात इराण-इस्राएल युद्ध पेटलं, या भागातली हवाई हद्द काही काळ बंद झाली. दुबई सुरक्षित मानली जाते म्हणून स्पर्धा इथे येतात हे खरं, पण दुबई नकाशावर कुठे आहे हेही लक्षात असू द्या.

म्हणून कंपनीला सगळ्यात आधी हे विचारा की तुमची नेमणूक एखाद्या स्पर्धेसाठी आहे की कंपनीच्या कायम कामासाठी. ज्यांच्याकडे दरवर्षी ठरलेलं काम आहे, उदाहरणार्थ जानेवारी 2023 पासून सुरू असलेली इथली टी-20 लीग आयएलटी-20, टेनिस, गोल्फ, घोड्यांच्या शर्यती, त्यांच्याकडे जा. आयएलटी-20 मध्ये मुंबई आणि कोलकात्याच्या आयपीएल मालकांचे संघ आहेत, तिथे तुमचा पुण्यातला अनुभव नक्की मोजला जाईल. हलवून आणलेल्या स्पर्धा ही वरकड कमाई समजा, घरभाडं तिच्यावर ठेवू नका.

करारात सामना रद्द झाला किंवा दुसऱ्या देशात गेला तर पैसे कसे मिळणार, हे कलम शोधा. नसेल तर लिहून मागा. प्रवासात घालवलेला दिवस आणि नुसतं थांबून राहिलेला दिवस, दोन्हींचे पैसे मिळतात का ते विचारा. माझ्या ओळखीतल्या एका कंपनीने स्पर्धा हलल्यावर 'थांबण्याचे' दिवस धरलेच नाहीत आणि करारात काही नसल्यामुळे कोणालाच काही म्हणता आलं नाही. मूळ पगार आणि भत्ते वेगळे बघा. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवसांचा. भत्ते फुगवून मूळ पगार बारीक ठेवायची इथे फार सवय आहे. नोकरी गेल्यावरचा सरकारी विमा सक्तीचा आहे, हप्ता महिना 5 किंवा 10 दिरहॅम. जास्तीत जास्त तीन महिने मूळ पगाराच्या 60 टक्के मिळतात, पण त्याआधी सलग बारा महिने हप्ते भरलेले असावे लागतात. व्हिसाचा खर्च कंपनीचा. तो पगारातून कापतो म्हणाले तर तिथेच थांबा. आणि "आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू" असं म्हणणाऱ्याकडे अजिबात येऊ नका, त्यावर काम करणं बेकायदा आहे.

इथे कंट्रोल रूममध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीवर कराचीचा मुलगा असेल. आशिया कपात भारत-पाकिस्तान सामन्यांत हस्तांदोलन झालं नाही, अंतिम सामन्यानंतर भारताने पाकिस्तानी बोर्डाच्या अध्यक्षांच्या हातून ट्रॉफी घेतली नाही, ते सगळ्यांनी पाहिलं. ते सगळं टिपणारी माणसं मात्र एकाच इंटरकॉमवर बोलत होती. त्या मुलाशी नीट वागा, तोही त्याच भाड्याच्या काळजीत असतो. सोशल मीडियावर दोन्ही देशांबद्दल काही लिहू नका. इथला सायबर कायदा कडक आहे आणि शेअर केलेली पोस्टही अंगाशी येऊ शकते.

बायको-मुलीचं म्हणाल तर त्यांचा व्हिसा तुमच्या व्हिसावर टांगलेला असतो, तुमची नोकरी गेली की तिघांचा प्रश्न. कुटुंबाला आणायला महिना 4,000 दिरहॅम, किंवा 3,000 आणि वर कंपनीचं घर, एवढा पगार पुरतो, पण तेवढ्यात तिघांचं भागत नाही. घरमालक वर्षाचं भाडं बहुधा एक ते चार चेकमध्ये आगाऊ मागतात, म्हणजे रक्कम आधी हातात हवी. शारजात घर स्वस्त पडतं, पण सामना मध्यरात्री संपला तरी सकाळच्या कोंडीतून परत दुबईला यायचं असतं. इथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. तुम्ही आधी एकटे या, प्रोबेशन संपू द्या, एक पूर्ण हंगाम पगार वेळेवर येतो का बघा आणि मुलीचा प्रवेश त्यापुढच्या एप्रिलचा धरा. ऑफर लेटर मिळालं की कंपनीचं नाव झाकून कराराची ती कलमं मला पाठवा, मी वाचून सांगते.