खरं असलं तरी सांगावं का?

प्रश्न : नात्यातल्या मुलीसाठी आमच्या आळीतलं स्थळ आलं आहे. मुलगा पितो, डोक्यावर कर्जही आहे म्हणतात. मुलीची आई माझ्याकडे चौकशी करते. सांगितलं तर निंदेचं पाप लागेल का? गोष्ट तर खरी आहे.

उत्तर : नुसती खरी असून भागत नाही. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद २४७७) तीन वेगळी पापं सांगितली आहेत. पुरेसा आधार नसताना, मनातल्या मनात का होईना, एखाद्याला दोषी धरणं हे पहिलं. दुसरं म्हणजे खरा दोष योग्य कारणाशिवाय अशा माणसाला सांगणं, ज्याला तो ठाऊक नाही. तिसरं, खोटं बोलून कुणाचं नाव घालवणं. तुमचा प्रश्न दुसऱ्यातला, आणि सगळी मेख ‘योग्य कारण’ या शब्दांत आहे.

इथे कारण आहे. आई मुलगी द्यायला निघाली आहे, तिला हे कळायला हवं. जमत असेल तर आधी मुलालाच गाठा, ‘तुम्ही होऊन सांगा’ म्हणा. बायबलमध्ये मत्तय १८:१५ मधला क्रम हाच, आधी एकांतात. तो टाळत असेल तर आईला सांगा, पण फक्त तिला आणि लग्नाशी संबंध आहे तेवढंच. ‘मी त्याला पिऊन आलेला पाहिलाय. कर्जाचं कानावर आहे, तुम्ही खात्री करा.’ बस. ‘ते घराणंच तसलं’ म्हणालात की घसरलात.

त्याचं आधीचं लग्न अजून कायम आहे असं कळलं, तर मात्र धर्मगुरूंना लग्नाआधी सांगणं हे कर्तव्यच आहे (चर्चचा कायदा, कलम १०६९). लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती दडपणाऱ्यांनी तर निंदेच्या पापाची सबब पुढे करूच नये. तिथे २०१२ चा पोक्सो कायदाही कळवायला बांधील करतो.

प्रश्न : एका बाईच्या घरातलं भांडण मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. सगळं खरं होतं. फादरांपुढे पापनिवेदन (पापाची कबुली) झालं, आता मिटलं ना?

उत्तर : नाही. क्षमा मिळाली तरी भरपाई उरते (त्याच ग्रंथाचा परिच्छेद २४८७). खोटं पसरवलं असतं तर त्याच लोकांपुढे ‘ते खोटं होतं’ म्हणावं लागलं असतं. खऱ्याला खोटं म्हणता येत नाही, ते आणखी एक पाप. म्हणून मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा, ‘हे मी टाकायला नको होतं, पुढे पाठवू नका’ असं लिहा, आणि त्या बाईचं जे चांगलं आहे ते संधी मिळेल तिथे बोला. तिच्या कानावर गेलंच नसेल तर माफी मागायला धावण्याआधी फादरांना विचारा, नाहीतर नवी जखम व्हायची. आणि हो, पापनिवेदनात तिचं नाव घ्यायची गरज नसते.

प्रश्न : मी फक्त ऐकलं, बोललो नाही.

उत्तर : उकरून विचारलंत किंवा चवीनं ऐकलंत, तर वाटा तुमचाही. भिडेपोटी गप्प राहिलात तर दोष सहसा सांगणाऱ्याहून कमी, असं मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस म्हणतात. विषय बदलणं बहुधा जमतं.