गंगापूर धरणावर बोटीला आग लागली, आता बोटवाला सही मागतोय. काय करावं?

ताई, सगळ्यात आधी हे. त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका, मिस्टरांनाही करू देऊ नका. आणि मला सांगा, ती जळालेली बोट आत्ता कुठे आहे?

इतरांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये एका खाजगी माणसाच्या पेट्रोल बोटीतून तुम्ही सगळे फिरायला गेलात. मध्यावर इंजिनाने पेट घेतला. मिस्टरांचा उजवा हात भाजला, नऊ वर्षांच्या लेकीने पाण्यात उडी मारली, दुसऱ्या बोटीने तुम्हाला काढलं. आता बोटवाला २५ हजार रुपये आणि ‘यापुढे काहीही तक्रार नाही’ असा मजकूर घेऊन घरी येतोय. तिकिटामागे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ छापलंय म्हणून तुमचा काही हक्कच नाही, असंही सांगतोय.

मी २२ वर्षं विम्याचा सर्वेयर म्हणून जळालेली वाहनं, गोदामं आणि काही बोटी पाहिल्या. कायदे पुरेसे आहेत. घोडं अडतं ते पुराव्यापाशी, कारण तो आठवडाभरात भंगारात जातो. एकदा एका जलाशयावर मी अकराव्या दिवशी पोचलो, तर सांगाडा घासून रंगाला घेतला होता आणि इंजिन विकलेलं होतं. भाजलेल्या बाईंकडे दवाखान्याचे कागद होते, पण आग कशाने लागली हे मला अहवालात लिहिता आलं नाही. त्याची हळहळ अजून जात नाही.

जळालेली बोट बरंच काही सांगते. फायबरची बोट जळते तेव्हा त्यातलं रेझिन, म्हणजे काचेच्या कापडाला घट्ट धरणारं प्लास्टिक, जळून जातं आणि खालचं काचेचं कापड उघडं पडतं. असं कापड सर्वात खोलवर कुठे उघडं पडलंय, हा आगीच्या उगमाचा पहिला माग. मग पेट्रोलची नळी बघायची. ती इंधनासाठीची जाड रबरी नळी होती की बाजारातली साधी प्लास्टिकची? क्लॅम्प होता की तारेने आवळली होती? बॅटरीच्या वायरी उघड्या होत्या का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. आग विझवायचं नळकांडं होतं का, त्याची पिन काढलेली आहे की जागेवरच, रिफिलची तारीख काय, हेही बघायचं. पिन जागेवर असेल तर ते कोणी वापरलंच नाही.

म्हणून आजच पोलिसांना लेखी अर्ज द्या. घटनास्थळाचा पंचनामा करा, इंजिन, टाकी, नळी आणि आग विझवायचं नळकांडं मुद्देमाल म्हणून जप्त करा, नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवा, या तिन्ही मागण्या त्यात स्पष्ट लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतलं कलम २८७ आगीबाबतच्या निष्काळजीपणासाठी आहे, कलम १२५ दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्यासाठी, आणि कलम २८४ भाडं घेऊन असुरक्षित किंवा जास्त भरलेल्या नावेतून माणसं नेण्यासाठी. हे शेवटचं कलम अनेकांना ठाऊक नसतं, त्याचा उल्लेख जरूर करा. ‘आमची हद्द नाही’ असं कोणी म्हणालं तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तरी नाहीच घेतला, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. चार दिवस उशीर का झाला, मिस्टर दवाखान्यात होते, हे अर्जातच लिहा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागून घ्या. बोट अजून किनाऱ्यावर असेल तर कोणाला तरी पाठवून आजच चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ घ्या. कशालाही हात लावायचा नाही.

आता ती तिकिटामागची ओळ. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी असं काही छापून झटकता येत नाही. इंजिनाची निगा राखणं तुमच्या हातात नव्हतंच, मग ते ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ कसं होईल?

भरपाईसाठी तुमचा सरळ रस्ता म्हणजे नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करायची. तिथे अधिकारक्षेत्र तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे काही शे रुपयांचं तिकीट असलं तरी लाखांची मागणी जिल्हा आयोगातच चालते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. पैसे तुम्ही भरले असले तरी तुमच्यामुळे सेवा घेणारे मिस्टर आणि मुलगी हेही कायद्याने ग्राहकच. तिकीट हरवलं असेल तर यूपीआयची नोंद चालेल. वकील सक्तीचा नाही. पण तुम्ही महिला असल्याने उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. पोलीस केस आणि ग्राहक तक्रार दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, एकीसाठी दुसरी थांबवायची गरज नाही.

सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, फक्त बोटवाला करू नका. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ नुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो. विमा असेल तर विमा कंपनीलाही सामनेवाला करा, कारण भरपाई देण्याची ऐपत बहुधा तिच्याकडेच असते. हे शोधायला माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका, १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. एक महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे: बोटीची नोंदणी, तपासणी, मंजूर प्रवासी संख्या, विमा. दुसरा जलसंपदा विभागाकडे, धरण त्यांचं आहे: बोटिंगची परवानगी कोणाला, कोणत्या अटींवर. नोंदणीच नव्हती असं उत्तर आलं तरी तो तुमच्या बाजूचा भक्कम कागद आहे.

मिस्टर सातपूरला मशीनवर काम करतात असं तुम्ही लिहिलंय. मग हाताकडे नीट लक्ष द्या. भाजलेल्या बोटांची कातडी भरताना आखडते, मूठ वळत नाही, आणि हे कित्येक आठवड्यांनी कळतं. २५ हजार घेऊन सही करू नका म्हणतो ते यासाठीच. अजून नुकसान किती ते कोणालाच माहीत नाही. दर आठवड्याला तारखेसह हाताचा फोटो काढा. फिजिओथेरपीची बिलं, बुडालेल्या पगाराचा कंपनीचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. दवाखान्याने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद केली नसेल तर आजच विचारा. बोटवाल्याकडून उपचारापुरते पैसे घ्यायचेच असतील तर बँकेतून घ्या आणि पावतीवर लिहा, ‘औषधोपचारापोटी, इतर सर्व हक्क राखून’.

राहिला तुमच्या मनाला लागलेला प्रश्न. ‘बोटीतच थांबायला हवं होतं, पोरीला उडी का मारू दिली’ असं घरचे म्हणतात. ताई, अंगात लाईफ जॅकेट असताना तिने उडी मारली हे अगदी बरोबर झालं. पेट्रोलची आग काही सेकंदांत आटोक्यात आली नाही तर लहान बोटीत थांबायचं नसतं, जळत्या फायबरचा धूर विषारी असतो. आधी जॅकेट, मग इंजिन आणि पेट्रोलचा कॉक बंद, सगळ्यांनी आगीपासून लांबच्या टोकाला, नळकांड्यातल्या पावडरचा फवारा ज्वाळेच्या मुळाशी. पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं आणि तरंगत जळतं. नाहीच विझली तर ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूने पाण्यात उतरायचं, म्हणजे वारा बोटीला आपल्यापासून दूर नेतो. तिने उडी मारली ती वाऱ्याकडचीच बाजू होती, धूर पलीकडे जात होता असं तुम्हीच लिहिलंय. मिस्टरांनी पाण्याची बादली ओतली आणि भडका उडाला, त्यात त्यांचाही दोष नाही. हे प्रवाशांना सांगणं बोटवाल्याचं काम होतं.

मुलगी रात्री दचकून उठते म्हणालात. तेही डॉक्टरांना सांगा, केसपेपरवर लिहून घ्या, समुपदेशनाचा खर्चही मागणीत धरता येतो. पोलीस तुमचा किंवा तिचा जबाब घ्यायला ठाण्यावर बोलावू लागले तर नम्रपणे सांगा, महिलेला तिच्या राहत्या घराखेरीज कुठे हजर राहायला लावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा. ती बोलेल तेव्हा तुम्ही तिच्याजवळ बसा.