बसून स्कीइंग, मग ब्रेक कुठे असतो?

प्रश्न: ताई नमस्कार, माझी लेक 13 वर्षांची, लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. परवा तिने मोबाईलवर ॲना शाफेलहुबर नावाच्या जर्मन बाईचा व्हिडिओ बघितला, खुर्चीत बसून बर्फावरून सुसाट खाली येते, तेव्हापासून डोकं खातीये, ब्रेक कसा लावतात, आणि सगळ्यांचे प्रॉब्लेम वेगवेगळे मग नंबर कसा काढतात? – एक आई, कोथरूड

उत्तर: ब्रेक नसतोच हो! मापाची सीट, खाली शॉकॲब्सॉर्बर आणि त्याखाली एकच स्की, त्याला मोनोस्की म्हणतात. दोन्ही हातांत आउटरिगर, म्हणजे कुबड्यांसारख्या काठ्या पण टोकाला छोटी स्की. अंग झुकवून वळायचं, थांबायचं तर स्की आडवी घालायची, बस. डाउनहिलला (सगळ्यात वेगवान शर्यत) तर ताशी 100 किमीच्या वर जातात, बघतानाच आपल्या पोटात गोळा येतो.

ॲनाचा जन्म 1993 चा, गाव रेगेन्सबर्ग, पॅराप्लेजिया (कमरेखालचा लकवा) जन्मापासूनच. 2010 ला व्हँकुव्हरच्या हिवाळी पॅरालिम्पिकला सुपर-जीमध्ये (मोठ्या वळणांची वेगवान शर्यत) ब्राँझ, आणि मग 2014 ला सोचीला पाचच्या पाच गोल्ड! त्यातली स्लॅलम (जवळजवळच्या खांबांमधून वळणांची शर्यत) मला सगळ्यात भारी वाटते कारण तिथे तिला आधी बाद केलं होतं, स्टार्टला आउटरिगरच्या पोझिशनवरून, मग अपील झालं, निर्णय फिरला आणि मेडल तिचंच. 2018 ला प्याँगचँगला अजून दोन गोल्ड, एक सिल्व्हर. 2019 ला रिटायर. वय फक्त 26, पण शाळेत शिकवायचं शिक्षण तिने खेळता खेळताच घेतलं होतं, हे मला मेडलांपेक्षा जास्त आवडलं, पण ते कोणी शेअर करत नाही.

आता नंबराचं. उभे राहून, बसून आणि दृष्टिहीन असे तीन गट असतात (दृष्टिहीनांच्या पुढे गाईड असतो, हेडसेटवरून वळणं सांगत जातो). बसणाऱ्यांतही कुणाच्या पोटाच्या स्नायूंत ताकद असते कुणाच्या नसते, म्हणून अपंगत्वाप्रमाणे क्लास पाडतात आणि प्रत्येक क्लासला फॅक्टर असतो, वेळेला त्याने गुणायचं. समजा वेळ आला 60 सेकंद आणि फॅक्टर 90 टक्के, तर 54 धरतात. म्हणजे कमी वेळात खाली पोचला तो जिंकलाच असं नाही, स्क्रीनवरचं घड्याळ बघायचं.

लेकीला करायचंय का खरंच? बर्फ पुण्यात कुठून आणणार, गुलमर्ग-औली सुट्टीत बघू, पण खांदे आणि पाठ आत्तापासून तयार करता येतील. फिजिओला विचारून आधी पोहायला घाला. पुण्यातच राहणाऱ्या मुरलीकांत पेटकरांचं तिला सांगा, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग सुटलं, आणि 1972 ला हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये गोल्ड, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड ते. टँक ठरवताना मात्र रॅम्प आणि चेंजिंग रूमचा दरवाजा स्वतः जाऊन बघा, फोनवर सगळे "हो हो आहे" म्हणतात.