बिशप्सगेटची बुटकी बँक

प्रश्न : लंडनच्या बिशप्सगेट रस्त्यावर, थ्रेडनीडल स्ट्रीटच्या कोपऱ्याला काचेच्या मनोऱ्यांमध्ये एक बुटकी, खांबांची दगडी इमारत पाहिली. ती पूर्वी बँक होती असे समजले. इतक्या मोक्याच्या जागी एकच मजला का बांधला असावा? आणि ती टिकली कशी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण पाहिलेली इमारत म्हणजे नॅशनल प्रॉव्हिन्शियल बँकेचे मुख्यालय, आजचा गिब्सन हॉल. तिच्या भपक्याचे मूळ बँकेच्या कायद्यात आहे. १८३३ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेची कचेरी लंडनमध्ये होती, पण लंडनच्या गिऱ्हाइकांशी व्यवहार करण्यास तिला मनाई होती. कारण १८२६ च्या कायद्यानुसार स्वतःच्या नोटा काढणाऱ्या भागीदारी भांडवलाच्या, म्हणजे अनेक भागधारकांच्या पैशांवर उभ्या असलेल्या बँकांना राजधानीपासून ६५ मैलांच्या आत धंदा करता येत नसे. १८६६ मध्ये तिने नोटा काढण्याचा हक्क सोडला आणि लंडनमध्ये पेढी उघडली. बँक ऑफ इंग्लंड हाकेच्या अंतरावर असताना या नवख्या बँकेला आपली पत लोकांच्या डोळ्यांत भरवायची होती, आणि ते काम वास्तुविशारद जॉन गिब्सन यांच्यावर सोपवले गेले. ब्रिटिश संसदभवनाचे वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांच्या हाताखाली तयार झालेल्या गिब्सन यांनी या बँकेच्या गावोगावच्या अनेक शाखाही बांधल्या.

ठेवींना विम्याचे संरक्षण नसलेल्या त्या काळी पैसा ठेवणारा माणूस बँकेची इमारत पाहूनच तिची ऐपत जोखत असे. सोन्याच्या भावाच्या जमिनीवर भाड्याचे मजले न चढवता एकच भव्य दालन उभारणे हा, माझ्या मते, श्रीमंतीचा सर्वांत ठळक पुरावा होता. शिवाय वर मजले नसल्यामुळे काचेच्या घुमटांतून थेट उजेड आत येतो. विजेचे दिवे येण्यापूर्वी दिवसभर खातेवह्या लिहिणाऱ्या कारकुनांना त्याचे मोल फार होते.

पुन्हा गेलात तर खांबांच्या मधल्या शिल्पपट्टांकडे सावकाश पाहा. जॉन हँकॉक यांच्या या पट्टांत कला, व्यापार, विज्ञान, शेती, नौकानयन असे विषय कोरलेले आहेत, तर छताच्या कडेवरच्या पुतळ्यांत मँचेस्टर, बर्मिंगहॅम यांसारखी शहरे मानवरूपात उभी आहेत. प्रांतांतून वर आलेल्या या बँकेने आपला सगळा मुलूखच राजधानीत आणून मांडला आहे, असे मला ते पाहताना वाटते.

१८६६ च्याच मे महिन्यात ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी बुडाली आणि लंडनमध्ये घबराट पसरली; नॅशनल प्रॉव्हिन्शियल मात्र तरली. पुढे वेस्टमिन्स्टर बँकेशी एकत्र येऊन तिची नॅशनल वेस्टमिन्स्टर झाली. या नव्या बँकेने शेजारी रिचर्ड सायफर्ट यांच्याकडून १८३ मीटर उंचीचा मनोरा बांधून घेतला, जो १९८० च्या सुमारास पुरा झाला. त्या योजनेत जुने दालन पाडण्याचाही विचार होता; ते वाचले ही वारसाप्रेमींची मोठीच कमाई होय. आज त्याला ब्रिटनच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीचे संरक्षण आहे आणि जिथे गल्ले मोजले जात तिथे समारंभ होतात.