चर्चच्या मंडळीत नव्याने आलेल्या भावास

विश्वास दिसतो कशात, असं तू विचारलंस. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय सावकाश वाच. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याला शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदा बाहेर गेला आणि त्यानंतर आज्ञा आली: एकमेकांवर प्रीती करा, त्यावरूनच लोक तुम्हांला माझे शिष्य म्हणून ओळखतील. पाय यहूदाचेही धुतले होते, हे विसरू नकोस.

वचनं पाठ होतील हळूहळू. उपासना संपली की लगेच गाडी काढू नकोस. मागच्या बाकावरच्या एकट्या आजींशी बोल. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं. आजही मिरजेत गावोगावचे पेशंट येतात. मंडळीतलं कुणी दाखल असेल तर डबा ने, रात्री सोबतीला थांब. ज्याच्याशी तुझं पटत नाही, त्याच्याकडे मात्र आधी जा.