वाचकांचे प्रश्न: स्लाइडवर आला की फोटो धूसर का होतो?

प्रश्न: नमस्कार. मी नारायण पेठेत राहतो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा मी तिसरीत होतो, आणि पाणी ओसरल्यावर वडिलांनी आमच्या वाड्याचे काढलेले फोटो अजून माझ्याकडे आहेत. यंदा 12 जुलैला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ते दाखवायचे म्हणून मी स्वतः स्कॅन करून पॉवरपॉइंटमधे टाकले. आधी एका स्लाइडवर चार-चार टाकले होते. मुलाला मेलने पाठवायला फाईल फार मोठी झाली म्हणून शेजारच्यांनी ती छोटी करून दिली. मग आमची ही म्हणाली एवढ्याशा फोटोत काय दिसणार, म्हणून एका स्लाइडवर एकच ठेवून तो ओढून मोठा केला, तर सगळं धूसर! भिंतीवरची पाण्याची रेघ, जी मुळात दाखवायची आहे, तीच दिसेना. फोल्डरमधून उघडला तर तोच फोटो स्वच्छ दिसतो. कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज 7 आणि ऑफिस 2007. नातू म्हणतो आजोबा हे डबडं भंगारात द्या. द्यावं का?

उत्तर: काका, डबडं राहू द्या. म्हणजे विंडोज 7 चा सपोर्ट जानेवारी 2020 मधेच संपलाय, त्यामुळे त्या मशीनवर बँकेची कामं वगैरे करू नका एवढं नातवाचं ऐका, पण फोटो धूसर होण्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाहीये.

फोल्डरमधे स्वच्छ आणि स्लाइडवर धूसर, म्हणजे स्कॅनर सुटला, फोटो सुटला, स्क्रीनही सुटला. घोळ फाईलच्या आत झालाय, आणि तो शेजाऱ्यांनी फाईल छोटी करून दिली तेव्हाच झालाय (त्यांना काही बोलू नका, हेतू चांगला होता!). ऑफिस 2007 मधे फोटोवर डबल क्लिक केलं की वर फॉरमॅट टॅब येतो, त्यात कॉम्प्रेस पिक्चर्स, त्याच्या ऑप्शन्समधे तीन पर्याय असतात. प्रिंट म्हणजे इंचाला 220 ठिपके (पिक्सेल), स्क्रीन म्हणजे 150 आणि ई-मेल म्हणजे 96. मेलने पाठवायचंय म्हटल्यावर माणूस ई-मेलवरच टिचकी मारणार ना.

आता गंमत अशी की हे इंच मोजले जातात ते स्लाइडवर फोटो त्या क्षणी जेवढा दिसतोय तेवढे. तुमचा फोटो 6 बाय 4 चा धरू, इंचाला 300 ठिपक्यांवर स्कॅन केला तर 1800 बाय 1200 ठिपके होतात, म्हणजे भरपूर. पण चार-चार बसवताना तो स्लाइडवर साधारण 4 इंच रुंद झाला असेल, 4 गुणिले 96, उरले 384. बाकीचे ठिपके फेकून दिले, कायमचे. मग काकूंच्या सांगण्यावरून तुम्ही तो 10 इंची स्लाइडभर ओढलात, तर 384 ठिपके ओढून ओढून किती ओढणार, पाण्याची रेघ पसरणारच. रीसेट पिक्चर दाबून पण काही परत येत नाही. शेजाऱ्यांनी प्रिंट निवडलं असतं तर 880 उरले असते आणि तुमच्या बहुतेक लक्षातही आलं नसतं.

उपाय सोपा आहे. फाईलची एक कॉपी करून ठेवा, जे काय करायचं ते कॉपीवर. धूसर फोटोवर राइट क्लिक करून चेंज पिक्चर घ्या आणि फोल्डरमधला मूळ फोटो निवडा, जागा आणि आकार तसाच राहतो, खाली लिहिलेली नावं हलत नाहीत. सेव्ह करायच्या आधी त्याच कॉम्प्रेस पिक्चर्सच्या ऑप्शन्समधे जाऊन 'ऑटोमॅटिकली परफॉर्म बेसिक कॉम्प्रेशन ऑन सेव्ह' वरची टिक काढा, आणि टार्गेट आउटपुट प्रिंटवर ठेवा. म्हणजे चुकून कॉम्प्रेस झालंच तरी 10 इंचाला 2200 ठिपके मिळतात आणि तुमचे आहेतच 1800, काही जाणार नाही. ज्यांच्याकडे 2010 किंवा त्यानंतरचं ऑफिस आहे त्यांनी फाईल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड मधे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाईल' वर टिक करायची, तिथे काढायची नाही, करायची. मेलला पाठवायची प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करून तीच काय ती छोटी करा.

जुन्या मशीनवर अजून एक हमखास सापडतं. स्लाइड शो टॅबमधे रिझोल्यूशन नावाचा एक खाना असतो, आणि शो अडखळतो म्हणून कोणीतरी कधीतरी तो 640 बाय 480 वर करून ठेवलेला असतो. मग एडिट करताना स्वच्छ आणि एफ5 दाबून शो सुरू केला की अंधुक. तिथे 'यूज करंट रिझोल्यूशन' ठेवा. मशीन खरंच अडखळत असेल तर फोटोच आधी पेंटमधे रिसाइज करून 1600 ठिपके रुंद करून घ्या, 1200 डीपीआयचे (म्हणजे इंचाला 1200 ठिपक्यांचे) अवाढव्य स्कॅन तसेच कोंबायचे आणि मग रॅमला शिव्या द्यायच्या हे काही बरोबर नाही.

आणि हॉलवर तासभर आधी जाच. प्रोजेक्टरची स्वतःची ठिपक्यांची संख्या ठरलेली असते, पुष्कळ ठिकाणी अजून 1024 बाय 768 वाले आहेत, डिस्प्ले सेटिंगमधे तोच आकडा ठेवा. प्रोजेक्टर वाकडा ठेवून कीस्टोनने (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायच्या सेटिंगने) चित्र सरळ केलं की अक्षरं मऊ पडतात, त्यापेक्षा खाली दोन पुस्तकं लावून सरळ ठेवा. मी एका हॉलमधे अर्धा तास सेटिंगशी झटापट केली, शेवटी तिथल्या मामांनी येऊन खिशातल्या रुमालाने लेन्स पुसली आणि काही न बोलता निघून गेले. रुमाल नका वापरू, चष्म्याचं मऊ फडकं न्या.

प्रश्न: मी हडपसरला शाळेत शिकवते. ग्रुपवर आलेले तक्ते स्लाइडवर लावले की मराठी अक्षरांच्या मात्रा आणि अनुस्वार दिसतच नाहीत, मागच्या बाकावरच्या मुलांना तर अजिबात नाही. काय करू?

उत्तर: ताई, व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो बारीक करतं, आणि तो चार ग्रुप फिरून आला असेल तर बघायलाच नको. ज्यांनी बनवलाय त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाईल जशीच्या तशी येते. दुसरं म्हणजे जेपीजी हा प्रकार माणसांच्या, डोंगराच्या फोटोंसाठी चांगला, अक्षरांच्या कडेला तो धुरकट डाग सोडतो आणि आपला अनुस्वार म्हणजे मुळात एक ठिपका, तो त्या डागात जातो. तक्ता असेल तर पीएनजी मागा. गुगलवर शोधून लगेच समोर दिसणारं छोटं चित्र कॉपी करू नका, त्यावर क्लिक करून मूळ पानावरचं मोठं घ्या. पण खरं सांगू का, आठ-दहा ओळींचा तक्ता असेल तर स्लाइडमधेच टेबल टाकून स्वतः टाइप करा. वीस मिनिटं जातील, पण कितीही मोठा केला तरी फुटणार नाही.

प्रश्न: मूळ फोटो फॉरमॅटमधे उडाले, फक्त प्रेझेंटेशन उरलंय. त्यातून काढता येतील का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: येतील, आत जेवढे शिल्लक असतील तेवढे. फाईल पीपीटीएक्स असेल तर तिची कॉपी करा आणि नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स काढून झिप लिहा. शेपूट दिसत नसेल तर फोल्डर ऑप्शन्समधे 'हाइड एक्स्टेन्शन्स' वरची टिक काढा. मग ती झिप उघडून पीपीटी नावाच्या फोल्डरमधे मीडिया फोल्डर बघा, सगळे फोटो तिथे रांगेत असतात. जुनी नुसती पीपीटी असेल तर आधी सेव्ह अॅजने पीपीटीएक्स करून घ्या. तिथेही फोटो 300-400 ठिपक्यांचेच निघाले तर मात्र ज्यांना ज्यांना पूर्वी फाईल मेल केली होती त्यांच्या इनबॉक्समधे शोधायला सांगा, एखादी छोटी न केलेली जुनी प्रत तिथे पडलेली असू शकते.