तलावाच्या पाळीवरून

चि. यास अनेक आशीर्वाद.

शिक्षण संपवून तू अर्जुनी मोरगावकडच्या आपल्या गावी परतलास आणि हिवाळ्यात फिरायला कुठे जावे, असे पत्रात विचारलेस. तुझ्या यादीतली ताडोबा आणि चिखलदरा ही ठिकाणे सुंदरच आहेत, पण त्यांच्यासाठी गाडी, सुटी आणि सोबत जमवावी लागते. माझे सांगणे असे की, दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत गावच्या तलावाची एकच वाट धर आणि ती सोडू नकोस. जंगलातून आलेले पाणी पाळीशी, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाशी अडते आणि तुडुमातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून, खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत उतरते. त्या पाण्याच्या वाटेने चालत गेलास की आपला सगळा मुलूख पायाखालून जातो.

हे तलाव आपल्याकडे फुकट आलेले नाहीत. भंडारा आणि गोंदिया भागातले कितीतरी तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार नेमका ओळखून बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत गेली आणि तलाव सरकारकडे आले, तरी मालगुजारी तलाव हे नाव मात्र टिकले. पाळीवरून चालताना जास्तीचे पाणी वाहून जाण्याची सलंग कुठे ठेवली आहे आणि ती तिथेच का ठेवली असेल, हे उभे राहून पाहा. तेवढे एकदा उमगले की पुढची वाट आपोआप उलगडत जाते.

सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने पाळीवर जा. रात्री आभाळ निरभ्र असले की जमीन झपाट्याने निवते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून असते आणि त्याची वाफ वरच्या गार हवेत धुके होऊन तरंगते. ऊन चढले की ते विरते आणि मग पाण्यावरची पाखरे दिसू लागतात. नारिंगी अंगाचे चक्रवाक बहुधा जोडीने असतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस दिसले, तर हिमालय ओलांडून आलेले पाहुणे आपल्या गावच्या पाण्यावर उतरले आहेत, याचे भान ठेव आणि त्यांना उडवून लावू नकोस.

पाळ उतरलास की बांध्या लागतात. कापणी झाल्यावर धुरे, म्हणजे शेतांमधले बांध मोकळे होतात, म्हणून धानाच्या पट्ट्यात पायी फिरण्याचा खरा काळ हिवाळाच. धानाचे पुंजणे रचलेले असतात, धुऱ्यावर तूर फुललेली असते, आणि धान उभे असतानाच ओलीवर फेकलेली लाखोळी, म्हणजे लाखेचे कडधान्य, खुंटांमधून वर येऊन निळी फुले धरते. सारसाची जोडी याच बांध्यांत दाणे टिपताना दिसू शकते. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत, तेव्हा ते दिसले तर लांबूनच पाहा. शेतमालकाला आपल्या शेतातली जोडी तुझ्यापेक्षा अधिक ठाऊक असते, त्यालाच विचार.

हरभऱ्याच्या शेताजवळ मात्र जरा थांब. पहाटेच्या दवात भिजलेल्या पानाला बोट लावून जिभेवर टेकव, चव आंबट लागेल. पानांवरच्या बारीक केसांतून आम्ल पाझरते आणि ते दवात मिसळते. रात्री पिकावर स्वच्छ पांढरे फडके पसरून सकाळी ते पिळून घेतले की हरभऱ्याची आंब मिळते; पोटदुखीवर ती जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शेत दुसऱ्याचे असेल तर आधी विचार, आणि घाटा तोडायचाच असेल तर मालक देईल तेवढाच घे.

आता एक गोष्ट काळजीपोटी सांगतो. उजाडण्यापूर्वी निघू नकोस. नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आपल्या शिवारापासून लांब नाही. बिबट्या आणि वाघ पहाटे वावरतात, म्हणून ऊन पडल्यावर, शक्यतो दोघांनी, बोलत जा आणि झुडपांच्या कडेला वाकून बसू नकोस. शिवाय रानडुकरांसाठी काही ठिकाणी रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडली जाते. ते बेकायदा आहे आणि त्याने माणसेही दगावली आहेत. कुठल्याही कुंपणाच्या तारेला हात लावू नकोस. शेतातल्या पायवाटेपेक्षा गाडीवाट बरी.

जानेवारीनंतर पाणी ओसरू लागले की तलावाच्या काठावरचा चिखल उघडा पडतो आणि लांब चोचीची पाखरे तिथे चरायला येतात, तेव्हा चालण्याची वाट थोडी बदल. तलावात मासे आणि शिंगाडा काढणाऱ्या ढिवर बांधवांशी ओळख वाढव. बदकांची गावातली नावे त्यांच्याकडून लिहून घे, पुस्तकातली नावे नंतर जुळवता येतील. ती यादी मला संक्रांतीपर्यंत पाठव, आणि तुडुमाकडची वाट बेशरमाच्या झुडपांनी बुजली असेल तर तेही कळव, म्हणजे ग्रामपंचायतीशी बोलता येईल.

तुझा,
गुरुजी